गाळनीबाई

फेकू नकोस ते फडकं! आन इकडं. पोतेरं करायला निघालीस व्हय त्याचं? मळलंय तर धुऊन वाळू घाल. या घरात ते फडकं घागरीच्या तोंडाला बांधल्याबिगर पानी भरायचं न्हाई, हे तू लगीन होऊन आलीस त्याच दिशी सांगितलंय. तरी रोज तुझं 'कावून, कावून' हायेच. बस मग खाली. शेंगा फोडत आईक, हात रिकामे ठिवू नकोस.

ती आपल्या गावची नव्हती. पार समिंदराकडची, कोकनातली. सगुना नाव. तिचा नवरा डागदर. पाटोद्याला निजाम सरकारचा दवाखाना होता, तितं त्यांना नोकरी लागली, अन् नवरा जिकडं तिकडं बायको, म्हनून ती आपल्या मोगलाईत आली. तिच्या माहेरी मोगलाईचं नाव काढलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या म्हनं, जशी काय पोर वाघाच्या जाळीत चाललीय. आपल्या घराच्या म्होरल्या दोन खोल्या त्यांना ऱ्हायला दिल्या. मी तवा तुझ्यासारखीच नवी सून होते, अन् तुझ्यावानीच तोंडाळ. दोघी एका वयाच्या. दोनच दिसांत आमचं गूळपीठ जमलं.

बोलनं मातुर एकमेकीचं कळंना. ती पुस्तकावानी बोलायची, 'हवं', 'नको', 'आहे', 'नाही'. मी 'लई' म्हनलं की हसायची. 'छबू, तू भांडतेस की बोलतेस?' असं इचारायची. आता माझा आवाजच तसा, त्याला मी काय करू? दवाखान्याचा शिपाई उर्दूत काही म्हनला की ती दाराआड जाऊन उभी ऱ्हायची. बाजारात गेली तर मला पुढं घालायची. पन गुनाची होती. अन् हसता हसता मधीच गप व्हायची. 'काय गं?' म्हनलं तर म्हनायची, 'बनू आत्ता उठली असेल.'

बनू तिची लेक. तीन वर्साची पोर आपल्या आईपाशी ठिवून आलती. डागदर म्हनले होते, मुलूख अनोळखी, हवा कशी, पानी कसं, आधी आपन दोघं जाऊ, बस्तान बसलं की पुढल्या उन्हाळ्यात पोरीला आनू. एका उन्हाळ्याचा तर सवाल होता. त्या एका उन्हाळ्याच्या भरवशावर ती बाई दिस ढकलीत होती. पोरीसाठी परकर शिवायची, अन् आमच्या गल्लीतल्या पोरींना जवळ वढून त्यांच्या अंगाला लावून बघायची. 'एवढी झाली असेल ना गं?' मी म्हनायची, 'झाली असंल की!' मला काय माहीत?

डागदर मानूस चांगला. जरा मुखदुर्बळ, पन हाताला गुन होता. आल्या आल्या त्यांनी घरात सांगितलं, 'पाणी दुहेरी धोतरातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही. या भागात नारू आहे.' आमच्या सासूबाई, सुंदरबाई, त्यांना हसल्या. त्यांच्या पायावर तीन नारूच्या खुना होत्या. म्हनल्या, 'डागदर, नारू काय पान्यातून येतो व्हय? ते नशिबात असतं.' पन सगुना नवऱ्याचं आईकायची. पैल्या दिसापासून धोतर बांधून पानी भरायची. एक थेंब बिनगाळलेला न्हाई.

चूक त्याच्या आधीच झालती, बाई. येतानाच.

नगरहून त्यांना मुनव्वर गाडीवानानं आनलं. वैशाखाचं ऊन. कडा गावाच्या अलीकडं एका बारवेपाशी बैल सोडले. डागदर गाडीखाली आडवे झाले अन् त्यांचा डोळा लागला. ही कोकनातली. तितं डोंगरातून झुळुझुळु पानी येतं म्हनं, अन् जाता-येता मानसं वंजळीनं पितात, कोन भांडं शोधीत बसत न्हाई. हिनं बारव बघितली, पायऱ्या उतरली, घोट्याइतक्या पान्यात उभी ऱ्हायली अन् पोटभर पेली. मला कौतिकानं सांगायची, 'छबू, तुमच्या मुलखातलं पहिलं पाणी. काय गार होतं!' आमी दोघी त्याच्यावर हसलो बी असू. नारू लगेच कळत न्हाई ना. पान्यातून पोटात गेलेला तो किडा दोऱ्यावानी वरीसभर अंगात गुपचूप वाढतो अन् मग कातडी फोडून बाहीर येतो.

तर वरीस झालं. जायचं ठरलं. मुनव्वरच्या गाडीनं नगर, तितून आगगाडीनं मुंबई, मुंबईला तिचा भाऊ येनार, अन् मग बोटीनं माहेर. पोरीला घिऊन म्हागारी. पन ती बोट पावसाळ्यात बंद असते. ज्येष्ठ लागून पानी खवळलं की नारळी पुनवेपस्तोर कोन जात न्हाई, कोन येत न्हाई. म्हनून वैशाखातच निघायचं. तिनं पेटी भरली. परकर घातले, पोरीला द्यायला इकडचे तिळाचे लाडू घातले. मला म्हनली, 'बनू आल्यावर तुला काय म्हणेल गं? मावशी?' मी म्हनलं, 'म्हनू दे की. पन मराठी नीट शिकवीन मी तिला, तुझ्यावानी पुस्तकी न्हाई.'

अन् त्याच आठवड्यात घोट्याच्या वर फोड आला. आधी खाजलं, मग आग आग झाली. फोड फुटला अन् आतून पांढरं, शेवयीवानी डोकं दिसलं. तिनं बघितलं अन् किंचाळली. तिला वाटलं साप. आमच्या सासूबाई म्हनल्या, 'काई न्हाई, नारू हाय. समद्यांना होतो.' डागदरांचं तोंड मातुर उतरलं. त्यांनी इचारलं, कुठलं पाणी प्यालीस? तवा त्या बारवेची गोष्ट निघाली.

नारू काढायची एकच रीत. काडीला गुंडाळायचा अन् रोज जेवढा सुखानं येईल तेवढाच वढायचा. कवा बोटभर, कवा तेवढा बी न्हाई. डागदरांनी काडी बांधून दिली अन् बजावलं, 'घाई करायची नाही. महिना लागला तर लागू दे. आत तुटला तर पाय जाईल.'

'आणि बोट बंद झाली तर?' तिनं इचारलं.

'तर नारळी पौर्णिमेनंतर जाशील.'

'तोवर ती माझं तोंड विसरेल.'

'तीन महिन्यांत कुणी विसरत नाही,' असं डागदर म्हनले. वरीस आधीच गेलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असंल, कारन ते खाली वाकून काडीची गाठ परत बांधाया लागले.

सासूबाईंनी तिला बाजूला बसवून सांगितलं, 'पोरी, नारू म्हंजे घरी आलेला जावई. त्याला जा म्हनता येत न्हाई. जाईल तवा जाईल.' ती हसली. पन मन काय हसत नव्हतं तिचं. रोज काडी बघायची. किती आला, किती ऱ्हायला. जसं काय त्या काडीवरच तिची पोर गुंडाळून ठिवलीय.

अशात चकलांब्याला पटकीची साथ लागली. तालुका आपला न्हाई, पन वरून हुकूम आला, डागदरांना जावं लागलं. जाताना मला म्हनले, 'छबूबाई, लक्ष ठेवा.' मी म्हनलं, ठिवते. अन् ठिवलं बी होतं. पन चोवीस तास कोन कुनाच्या उशाशी बसतं?

दुसऱ्या का तिसऱ्या दिशी मुनव्वर आला. मानूस भला. दारातूनच म्हनला, 'बाई, कल सुबू निकलना. इसके बाद मेरे बैल खेतां में जाते, फिर बारिश.' म्हंजे ही शेवटची खेप. सगुना म्हनली, 'मी येणार. पेटी तयार आहे.' मी म्हनलं, 'बाई, काडी पायाला हाय तुझ्या!' तर म्हनली, 'काडीसकट जाईन. बाकी थोडाच राहिलाय.'

दुपारच्याला मी जवारी निवडत बसलते. तिनं हाक मारली. आवाजात लई दिसांनी आनंद होता. जाऊन बघते तर हातात काडी, काडीला नारू, अन् ही बाई हसतीय. डोळ्यांत पानी अन् हसतीय.

'निघाला गं छबू! सगळा निघाला. मी हळूच ओढला आणि आला.'

मी काडी हातात घेतली. आपल्याकडच्या लेकराला बी कळतं ते. नारूचं शेपूट बारीक असतं, निमुळतं. ते टोक मधीच तुटलेलं होतं. मी लगोलग सासूबाईंना बलावलं. त्यांनी बघितलं अन् तोंडाला पदर लावला. सगुना एकदा माझ्याकडं बघायची, एकदा त्यांच्याकडं. 'निघालाय ना?' म्हनायची. 'सांगा ना, निघालाय ना सगळा?' कोन सांगनार, बाई?

सकाळी तिचा पाय खांबासारखा सुजला होता. अंगात ताप असा की हात लावावा अन् चटका बसावा. तरी हिनं लुगडं नेसलं, कुकू लावलं अन् पाय फरफटत दारात येऊन बसली. 'मला गाडीत चढव.' मी नको म्हनलं, सासूबाईंनी हात जोडले. आईकती व्हय? 'तुला मूल नाही छबू, तुला काय कळणार!' असं म्हनली मला. तवा नव्हतं मला लेकरू. लागलं ते मला. पन चढवलं मी तिला. मुनव्वर वढ्यापस्तोर गेला अन् गाडी वळवून घिऊन आला. म्हनला, 'मां, ये रस्ते में मर जाएगी. मेरेसे नै होता.' ती त्याला शिव्या देत होती. कवा कुना गड्याला अरे-तुरे न करनारी बाई, त्या गरीब मुनव्वरला बाजारबसवीवानी शिव्या देत होती. त्यानं खाली मान घालून पेटी उतरवली अन् गेला.

डागदर चकलांब्याहून आले तवर आत पू झालता. त्यांनी चिरलं, धुतलं, रोज बांधलं. पाय ऱ्हायला. पन गुडघ्यात वाकला तो वाकलाच. ते तिला एक शबूद बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडन तरी झालं असतं. नुसते उंबऱ्यावर बसायचे अन् धोतराच्या निऱ्या नीट करीत ऱ्हायचे.

मंग दुसऱ्या उन्हाळ्यात ते एकलेच गेले, पोरीला आनायला. सगुनानं दारात रांगोळी घातली. मी शेवया केल्या. गाडी आली, अन् डागदर एकलेच उतरले. हातात सगुनानं पोरीसाठी धाडलेली परकराची गठुडी, जशीच्या तशी. सगुनाच्या आईनं सांगितलं म्हनं, 'त्या मुलखाच्या पाण्यानं माझ्या लेकीचा पाय खाल्ला. नात देणार नाही. जीव गेला तरी देणार नाही.' पोर मामीच्या मागं लपली, बापाजवळ आलीच न्हाई. 'परकर आखूड झाले,' एवढंच डागदर म्हनले. सगुनानं गठुडी घेतली अन् उशाला ठिवली.

तू म्हनशील, ती का न्हाई गेली? कशी जाईल? ती बोट काठाला लागत नसती म्हनं. भर समिंदरात थांबती, तितून होडीत उतरायचं, अन् होडीतून गड्याच्या खांद्यावर. असल्या पायानं? तरी दर साली म्हनायची, जाऊ. दर साली डागदर म्हनायचे, पुढच्या उन्हाळ्यात. एकदा ती म्हनली, 'नोकरी सोडा. आपण परत जाऊ.' तर म्हनले, 'तिकडं मला कोण नोकरी देतंय? भावांची शिक्षणं माझ्यावर आहेत.' खोटं नव्हतं ते. पन खरं बोलून बी पोट भरत न्हाई ना मानसाचं! दुसरं लेकरू झालं न्हाई तिला. माझ्या लेकरांची न्हानी-धुनी तिनंच केली. तुझ्या नवऱ्याची बी. पन कुनाला मांडीवर निजवलं न्हाई कवा. न्हाऊ घालायची अन् माझ्याकडं द्यायची.

बनूचं लगीन मामानं लावलं. दहा-अकरा वर्सांची असंल. कन्यादान मामा-मामीनं केलं. इकडं कुकवाच्या अक्षता आल्या अन् मुहूर्त कळला. त्या दिशी सगुनानं नवं लुगडं नेसलं. डागदर दवाखान्यात गेलते. मला वाटतं मुद्दामच गेलते. मुहूर्ताला ती अंगनात आली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात अक्षता. मला इचारलं, 'पश्चिम कुठली गं?' मी दावली. तिनं तिकडं तोंड करून मंगलाष्टक म्हनलं, जेवढं येत होतं तेवढं, अन् अक्षता टाकल्या. आमच्या कोंबड्या आल्या धावत. मी त्यांना हाकलाया लागले तर म्हनली, 'राहू दे. खाऊ देत.' मला जे रडू आलं, ते तिला आलं न्हाई.

पुढं मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी मानूस गेला. दवाखान्यात जागा उरली न्हाई, अन् दोन रोज खोकून डागदरच गेले. तवर सगुनाची आई बी वारली होती. भावानं निरोप धाडला, ये म्हनून. पन तो आपला तोंडदेखला. तिनंच सांगितलं मला, 'तिथं जाऊन बनूच्या आईच्या हाताखाली राहू?' बनूची आई म्हंजे तिची भावजय. मी म्हनलं, 'कुठं जाऊ नको. दोन खोल्या हायेत तुझ्या.' ऱ्हायली मग. ज्या मुलखाचा तिला तिटकारा, तितंच ऱ्हायली.

अन् मग काय डोक्यात घेतलं, तर उन्हाळा लागला की सकाळी आपल्या गावच्या बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. डागदरांची जुनी धोतरं घिऊन. जी बाई घागर घिऊन वर येईल तिची घागर धरायची अन् गाळून द्यायची. बायका हसायच्या. नाव पाडलं, गाळनीबाई. चेष्टेखोर बाया म्हनायच्या, 'लंगडी झाली तवा अक्कल आली.' मी दोघी-तिघींच्या झिंज्या धराया कमी केलं न्हाई. ती म्हनायची, 'जाऊ दे गं, खरंच आहे ते.' निम्म्या बाया दुसऱ्या बाजूनं निघून जायच्या. नारू काय गावातून गेला न्हाई. पन ती काही उठली न्हाई पायरीवरून. तू आत्ता फेकत होतीस ना, ते त्याच धोतराचं फडकं.

आता शेवटचं आईक. बनू आली. मोठी झालती, एक लेकरू पदरात होतं. जावई नगरला नोकरीवर आलते, म्हनून एका दिसासाठी भेटायला आले. चार दिस आधी निरोप आला अन् सगुना वेड्यावानी झाली. खोल्या सारवल्या. नवा माठ आनला. सोता बारवेवर जाऊन पानी आनलं, दोनदा गाळलं, उकळलं, निववलं, परत गाळलं. माठात वाळा घातला. मला म्हनली, 'छबू, उन्हाची येईल गं. आधी पाणीच मागेल.'

गाडी आली. पोर उतरली. नाक-डोळे हिचेच, मला बघताच कळलं. ती वाकून पाया पडली अन् म्हनली, 'तुम्ही कशा आहात?'

तुमी! सख्ख्या आईला! माझ्या तोंडावर आलतं, पन सगुनानं माझ्याकडं असं बघितलं की मी गिळलं. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवायला उचलला अन् मधीच खाली घेतला. मग लंगडत आत गेली अन् फुलपात्र भरून आनलं. घासून सोन्यावानी केलेलं पात्र. एक थेंब सांडू दिला न्हाई.

'घे. उन्हातून आलीस.'

पोरीनं हातातला फिरकीच्या झाकनाचा तांब्या दावला. 'नको, माझ्याजवळ आहे. नगरहून भरून आणलंय.'

'हे गाळलेलं आहे गं. दोनदा.'

'तसं नव्हे,' पोर बिचारी ओशाळली. वाईट नव्हती ती, खोटं कशाला बोलू? 'आईनं शपथ घातलीय. मोगलाईतलं पाणी तोंडात घ्यायचं नाही म्हणून.'

आई म्हंजे ती मामी. वाढवलं तिनं, मग आई म्हननार न्हाई तर काय म्हननार?

सगुनानं पुढं केलेलं पात्र म्हागं घेतलं. मग म्हनली, 'बरोबर आहे. आईचं ऐकावं.'

उन्हं उतरायच्या आत गाडी गेली बी. ती दारातच बसली होती, वाकडा पाय पुढं घिऊन. फुलपात्र हातात तसंच. मला असा राग आला, असा राग आला! कुनाचा, ते अजून कळत न्हाई. मी म्हनलं, 'आन इकडं.' तिच्या हातातून पात्र घेतलं अन् उभ्या उभ्या समदं पेले.

'कसं आहे गं?' तिनं इचारलं.

मी म्हनलं, 'चांगलं हाय.'